उजवीकडून वाचावे, उर्दूप्रमाणे

मे महिन्यात जालन्याला जाते आहे असं सांगितल्यावर पुण्यातल्या मैत्रिणींनी दोनच प्रश्न विचारले. कोणाचं लग्न आहे? आणि लग्न नसेल तर वेड लागलंय का? लग्न कोणाचंच नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हतं. परत आल्यावर सापडलं.

मी जात होते ते भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या एका छोट्या कॉलेजात उन्हाळी शाळा घ्यायला. विषय होता क्वांटम संगणकाचं सॉफ्टवेअर. घाबरू नका, समजावण्याइतकंच सांगते. आपला साधा संगणक सगळं काही शून्य किंवा एक असं मांडतो. क्वांटम संगणकातला क्युबिट मोजेपर्यंत दोन्हींच्या मिश्रणात राहू शकतो. असे संगणक जगात मोजकेच आहेत, पण त्यांना सूचना देण्याचं सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी खुलं आहे. कोणीही उतरवून घ्यावं, वापरावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. अशा एका प्रकल्पात मी फावल्या वेळात हात लावते. तिथली मी कोणी मोठी नव्हे, झाडलोट करणाऱ्यांपैकीच आहे.

याच प्रकल्पाची एक योजना आहे. कॉलेजात शिकणाऱ्या कोणी एक दुरुस्ती पाठवली आणि ती स्वीकारली गेली, तर त्याला काही महिने घरबसल्या, मानधनावर, चांगल्या जाणत्या लोकांच्या हाताखाली शिकता येतं. अर्जाची मुदत मे अखेरची होती. जालन्याच्या एका तरी पोराला यात घुसवायचंच, असं मी गाडीत बसतानाच ठरवून टाकलं होतं. माझं हे नेहमीचं आहे. सामान भरायच्या आधी मी स्वप्नं भरते.

नवीन जालना

स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळच होती, पण ऊन आधीच कामाला लागलं होतं. शिंदे सर घ्यायला आले होते. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि ही सगळी कल्पना त्यांचीच. माझं एक व्याख्यान त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि फोन करून म्हणाले होते, "मॅडम, आमच्या पोरांना पण दाखवा की. पुण्यातल्या पोरांना कोणीबी दाखवतं." या वाक्याला नाही म्हणता येत नाही.

सरांनी हातातली बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली. "प्रवास बराबर झाला ना? चला, आधी नाश्ता करू. मंग निघू. गावात जाईपर्यंत पोटाला आधार पाहिजे." मी कोकणातली, चिपळूणची. आमच्याकडे पाहुण्याची आधी पुरती चौकशी होते आणि मग चहा येतो. इथे नाश्ता संपेपर्यंत सरांनी मला आणखी काहीच विचारलं नाही, आणि पैसे द्यायला खिशाकडे गेलेला माझा हात मात्र दोनदा खाली केला.

बाजारातून जाताना दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या. कापसाचं बियाणं, मक्याचं बियाणं, मिरचीचं, भेंडीचं. काही दुकानं, काही कंपन्यांची कचेऱ्या, बाहेर मोटारसायकलींची रांग. सर गाडी चालवता चालवता म्हणाले, "आमच्या पोरांना विचारा पुढं काय करणार, तर निम्मे म्हणतेत बियाणे कंपनीत लागणार. वाईट न्हाई ते. पण सगळ्यांनीच बियाणं मोजायचं म्हटल्यावर कसं व्हायचं?"

मी उत्साहात म्हणाले, "यंदा एक तरी तिथून बाहेर काढू." सर हसले. आता ते हसणं आठवलं की कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

पिंपळगाव रेणुकाई

या गावाची पहिली ओळख नाकाला होते. इथे मिरचीचा मोठा बाजार भरतो आणि माझ्या नशिबाने हंगाम नुकताच सुरू झाला होता. गाव यायच्या आधीच मला शिंका सुरू झाल्या. रेणुकामातेच्या देवळाच्या रस्त्यावर हिरव्या मिरच्यांचे ढीग, पोती, ट्रक, आणि त्या सगळ्यात शांतपणे चहा पिणारी माणसं. मी शिंकते आहे याचं कोणालाही नवल वाटलं नाही. नवख्या माणसाला शिंकू देण्याचीही तिथे रीत असावी. पहिल्याच संध्याकाळी मी हौसेने मूठभर मिरच्या उचलून पाहिल्या आणि नंतर तोच हात डोळ्याला लावला. पुढचं सांगत नाही.

कॉलेजची संगणकाची खोली पाहून बरं वाटलं. नवे कोरे संगणक होते, प्रत्येकावर फुलाफुलांचं आवरण, दाराबाहेर चपलांची ओळ. संगणकाच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, हा नियम देवळाइतकाच कडक. सॉफ्टवेअर मी पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते, कारण नेटचा भरवसा नव्हता. ते टाकायला गेले तर संगणकाने पासवर्ड मागितला. तो फक्त प्रयोगशाळेच्या ऑपरेटरला ठाऊक. ऑपरेटर गेले होते मेहुणीच्या लग्नाला. सरांनी फोन लावला तर मागे डीजे वाजत होता.

"हॅलो, सर, हळदीत हाय मी. ऐकू येऊन न्हाई राह्यलं," एवढंच ते म्हणाले.

पासवर्ड हळदीतून शेवटपर्यंत बाहेर आला नाही. मग आम्ही ते सुंदर झाकलेले संगणक तसेच झाकलेले ठेवले आणि मुलांच्या मोबाइलवर, दोन-चार जुन्या लॅपटॉपवर, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत शिकायला लागलो. वीज जायची, पंखे थांबायचे, घाम कीबोर्डवर पडायचा. पण पोरं हलायची नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात दोष त्यांचा नव्हता, आळसाचा तर नाहीच नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना ओपन सोर्स म्हणजे काय ते सांगितलं. चांगलं तासभर बोलले. मी या विषयावर बोलायला लागले की मला स्वतःचाच आवाज आवडायला लागतो. म्हणाले, "हे सगळं सगळ्यांचं आहे. इथे कोणी काही लपवत नाही. आपल्याला आलं ते दुसऱ्याला द्यायचं. मागेल त्याला द्यायचं, न मागेल त्यालाही द्यायचं." मुलांनी हे वहीत लिहून घेतलं. मागच्या बाकावरचा गजानन नावाचा मुलगा, घरची शेती असलेला, अंगाने दांडगा आणि बोलायला फटकळ, म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्यात आधीपासूनच हाय. जर्नल द्यायचं म्हंजी."

सगळे हसले. मीही हसले, कारण जर्नल मलाही माहीत आहे. विज्ञानाच्या कोणत्याही कॉलेजात प्रयोगांची वही म्हणजे जर्नल. वर्गातलं एक हुशार पोर ते पूर्ण करतं आणि बाकीचे उतरवतात. आमच्याकडे हे लपूनछपून, मिनतवाऱ्या करून चालायचं. इथे तो धर्म आहे. ज्याचं जर्नल आधी पूर्ण होतं, त्याने ते न मागता बाकावर ठेवायचं. जो ठेवत नाही, त्याच्याशी वर्ष संपेपर्यंत कोणी धड बोलत नाही.

त्या वर्गात जर्नल ठेवणारी होती प्रज्ञा. ती मूळची शहागडची, गोदावरीकाठची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मावशी पिंपळगावात राहते म्हणून ती इथे शिकायला होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, बारीक चणीची, हळू बोलणारी, आणि प्रश्न विचारायच्या आधी तो स्वतःशी एकदा पुटपुटणारी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी प्रकल्पाच्याच संकेतस्थळावरचा एक धडा त्यांना करायला दिला. अगदी सोपा. दोन क्युबिट घ्यायचे, पहिला शून्यावरून एकवर उलटायचा, दुसरा तसाच ठेवायचा, मग दोन्ही मोजायचे. धड्यात उत्तर छापलेलं होतं: एक, शून्य. मी बाकाबाकांतून फिरत राहिले. प्रत्येकाच्या वहीत एक, शून्य. मी "छान, छान" म्हणत पुढे जात होते.

प्रज्ञाच्या वहीत होतं: शून्य, एक.

"हे कसं आलं?" मी विचारलं.

"मशीननं दाखवलं ते लिहिलं," ती म्हणाली. "चुकलं का?"

मी तिच्या मोबाइलवर पाहिलं. खरंच शून्य, एक. मग शेजारणीच्या मोबाइलवर पाहिलं. तिथेही शून्य, एक. पण वहीत मात्र एक, शून्य. सगळ्या वर्गाने पडद्यावर वेगळं पाहिलं होतं आणि वहीत वेगळं लिहिलं होतं. का, म्हणून विचारलं तर गजानन म्हणाला, "पुस्तकात तसं हाय ना मॅडम. मंग रीडिंग आणून दिलं." रीडिंग आणून देणं म्हणजे प्रयोगात काहीही येवो, वहीत पुस्तकातलं उत्तर यावं अशी व्यवस्था करणं. तेही जर्नलच्या धर्मात बसतं.

मी जरा तापले. थोडं बोलले. पण प्रज्ञा माझ्या बोलण्याकडे लक्ष न देता ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मग म्हणाली, "मॅडम, हे उर्दूसारखं हाय का?"

"म्हणजे?"

"आमच्या शेजारी शबाना राहती. उर्दू शाळेत व्हती. तिची वही उजवीकडून सुरू व्हायची. मशीन बी पहिला क्युबिट उजवीकडं लिहून राह्यलंय. आपण डावीकडून वाचून राह्यलो."

ती बरोबर होती. या सॉफ्टवेअरमध्ये पहिला क्युबिट सगळ्यात उजवीकडे लिहिला जातो, हे मला अर्थातच माहीत होतं. पण धड्यात उत्तर उलटं छापलं गेलं होतं आणि मला धरून कितीतरी लोक त्यावरून नुसती नजर फिरवून गेले होते. चूक बारीक होती, पण नव्याने शिकणाऱ्याला पहिल्याच पायरीला पाडणारी. आणि ती सापडली होती एका मुलीला, तीही रीडिंग आणून न दिल्यामुळे.

मला इतका आनंद झाला की मी त्या उकाड्यात तिच्या पाठीवर थाप मारली. "हीच तुझी दुरुस्ती," मी म्हणाले. "ही पाठव. ही स्वीकारली जाणारच. मग अर्ज कर."

त्या संध्याकाळी तिने मला मावशीकडे जेवायला नेलं. मावशी अंगणवाडीत शिकवतात. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली प्रज्ञाच्या पुस्तकांची फळी. "जय भीम, या," म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, ते पाण्यात कालवून उकळतात. आमच्या नारळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ते आधी चढतं आणि मग सुटत नाही. मी तिसऱ्यांदा आमटी मागितली तेव्हा मावशी खूश झाल्या.

जेवता जेवता त्याच म्हणाल्या, "तिच्या पप्पानं जालन्याला बियाणे कंपनीत बोलून ठेवलंय मॅडम. एक तारखेपासून ये म्हणतेत. पोरगी म्हणती पुढं शिकायचंय. तर पप्पा म्हणले, महिना संपेपर्यंत काही झालं तुझ्या त्या कम्प्युटरचं, तर थांबू. न्हाई तर कंपनी. त्यांचं बी बराबर हाय. धाकट्या दोघांचं व्हायचंय अजून."

"होणार, नक्की होणार," मी म्हणाले. प्रज्ञाने भाकरीवरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला शब्द दिला होता. कोणी मागितला नसताना दिला होता.

शाळेचा शेवटचा दिवस. सकाळी मी क्वांटमचा एक गमतीदार नियम शिकवला. एखाद्या क्युबिटची अवस्था आपल्याला ठाऊक नसेल तर तिची हुबेहूब नक्कल करता येत नाही. कितीही चांगलं यंत्र आणा, निसर्गच करू देत नाही. गजानन लगेच म्हणाला, "म्हंजी मॅडम, क्युबिटचं जर्नल उतरवता येत न्हाई."

सगळा वर्ग हसला. सर्वांत जास्त मी हसले. पुण्यात गेल्यावर हा किस्सा कोणाकोणाला सांगायचा ते मनात ठरवूनही टाकलं.

दुपारी शिंदे सर आत आले आणि फार चांगल्या मनाने त्यांनी जाहीर केलं, "मॅडमनी एवढं शिकवलं. आता प्रत्येकानं निदान एक दुरुस्ती पाठवायची. जो पाठवील त्यालाच प्रमाणपत्र." मी तेव्हा पाहुण्यांसाठीच्या खोलीत बॅग भरत होते. मला हे नंतर कळलं.

मुलांना दुसरी कुठली दुरुस्ती सापडणार होती? गावांकडे जाणाऱ्या एसट्या सुटायची वेळ झालेली. प्रज्ञाने तिची दुरुस्ती तयार ठेवली होती, खाली एक ओळ तिने तिच्या इंग्रजीत लिहिली होती. मी ती मुद्दाम सुधारली नव्हती, कारण ती मला फार आवडली होती. मराठीत तिचा अर्थ असा: कृपया उजवीकडून वाचावे, उर्दूप्रमाणे.

तिने जर्नल बाकावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्त्याला बसले होते, समोर पोहे आणि शिंदे सर. सहज मोबाइल उघडला. प्रकल्पाच्या पानावर एकाखाली एक, सगळा वर्ग. तीच दुरुस्ती, तीच ओळ. उजवीकडून वाचावे, उर्दूप्रमाणे. उजवीकडून वाचावे, उर्दूप्रमाणे. प्रत्येकाच्या नावापुढे लाल अक्षरांत शेरा होता: बनावट, यंत्राने पाठवलेलं. सगळी खाती बंद. आणि ज्यांची खाती बंद, त्यांना योजनेत अर्ज नाही.

 काय झालं ते सरांना सांगितलं तर त्यांना आधी कळेचना. "पण दुरुस्ती तर बराबर हाय ना?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

मी प्रकल्प सांभाळणाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. ही खरी माणसं आहेत, विद्यार्थी आहेत, मी त्यांची शिक्षिका आहे, यातल्या एकीने चूक शोधली आहे. तिकडून उत्तर आलं ते सभ्य होतं. खोट्या दुरुस्त्यांचा त्यांच्याकडे रोज पूर येतो, म्हणून नियम कडक करावे लागले. पण मूळ दुरुस्ती कोणाची हे दाखवता आलं तर त्या एका खात्याचा विचार करू.

मला हायसं वाटलं. पहिली कोणी पाठवली ते तर नोंदीत दिसणारच. मी वरून खाली पाहत गेले. पहिला गजानन. मग दुसरा, तिसरी. मधे कुठेच प्रज्ञा नाही. ती सगळ्यांच्या शेवटी होती.

मी तिला बोलावून घेतलं. ती आली, चपला बाहेर काढून उभी राहिली. मी विचारलं, "तू तुझी शेवटी का पाठवलीस?"

"माझ्याच मोबाइलला नेट व्हतं मॅडम. त्यावरूनच सगळ्यांनी पाठवलं. त्यांच्या गाड्या सुटून राह्यल्या व्हत्या. मी तर इथंच राहते. मंग म्हटलं, आधी त्यांचं होऊ द्या."

 तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "काही चुकलं का?"

मी ते उत्तर जसंच्या तसं लिहून पाठवलं. एकाच मोबाइलवरून, एकाच जागेवरून सगळं आलं, हे वाचून तर त्यांचा संशय पक्काच झाला असावा. पुन्हा सभ्य उत्तर: आम्हाला वाईट वाटतं, पण शेवटी आलेली प्रत मूळ आहे असं धरता येणार नाही. पुढल्या वर्षी जरूर प्रयत्न करावा. पुढल्या वर्षी ती विद्यार्थिनी नसणार, आणि योजना विद्यार्थ्यांची. मी हेही लिहिलं. त्याला उत्तरच आलं नाही.

मी दिवसभर चिडले. सरांवर, हळदीतल्या ऑपरेटरवर, परदेशातल्या त्या न दिसणाऱ्या माणसांवर. संध्याकाळी चिडायला कोणी उरलं नाही तेव्हा माझं ते पहिल्या दिवसाचं भाषण आठवलं. मागेल त्याला द्यायचं. एवढं बोलले, आणि एक साधी गोष्ट सांगायची राहिली, की एक दुरुस्ती एकदाच पाठवायची असते, आणि ज्याची त्याने. मला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. ते न सांगता कळतं, असं मी धरून चालले होते. ते आमच्याकडे कळतं. शेजाऱ्याच्या फणसाची फांदी आवारात आली तर तीन पिढ्या अबोला धरणाऱ्या आमच्या कोकणात ते आईच्या दुधातून कळतं.

गजानन मात्र दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाहून मोटारसायकलवर आला. त्याला कोणाकडून तरी कळलं होतं. "मॅडम, माझं नाव काढून तिचं टाका की वर. मी लिहून देतो, सही करून. बाकीच्यांची बी आणतो." मी त्याला समजावलं की तसं होत नाही. तो म्हणाला, "मंग हे सगळ्यांचं हाय म्हणले व्हते ना तुम्ही?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

शहागड

मी पुण्याला थेट न जाता शहागडला गेले. प्रज्ञा सोबत होती. तिच्या वडिलांना तोंड दाखवणं भाग होतं. जालन्याहून अंबडमार्गे एसटी. खिडकीतून आत येणारा वारा भट्टीसमोरून यावा तसा. दोन्ही बाजूंना नांगरून उघडी पडलेली काळी रानं, मधेच एखादं उसाचं हिरवं शेत. प्रज्ञा खिडकीशी बसली होती.  तिने मला पिशवीतून धपाटं काढून दिलं. "मावशीनं तुमच्यासाठी दिलंय. प्रवासात खराब होत न्हाई."

शहागड म्हणजे हमरस्ता, ट्रक, टायरवाले, रसवंत्या, आणि खाली गोदावरी. नदीत त्या दिवसांत पाणी असं काही नव्हतं, इथे तिथे डबकी आणि मधे वाळू. घर रस्त्यापासून आत. वडील घरी होते, शाळेला सुट्टी. पांढरा शर्ट, खिशाला पेन, सुट्टीतही. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पंख्याखाली सरकवली आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसले. आईने उसाचा रस मागवला होता.

मी सगळं सांगितलं. ते एखाद्या विद्यार्थ्याचं ऐकावं तसं न मधे बोलता ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी तिचं उत्तर चुकलं का?"

"नाही. बरोबर होतं. इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ते तिच्या लक्षात आलं."

"मंग तिनं कोणाचं पाहून लिहिलं का?"

"नाही. बाकीच्यांनी तिचं पाहून लिहिलं."

"मंग तिचं नाव कशापायी कापलं?"

"सगळ्यांना दिलं म्हणून. आणि स्वतःचं शेवटी ठेवलं म्हणून."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, भांडी हलली. मग म्हणाले, "चौथीपर्यंत माझ्याच वर्गात व्हती ती. मीच सांगत व्हतो वर्गाला. ज्याला आलं त्यानं पाटी बाजूच्याला दाखवायची, म्हंजी वर्ग एकदम पुढं जातो. चाळीस पोरं अन् मी एकटा. दुसरं काय करणार?"

मला रडू आलं. मी परक्या घरात, रसाचा ग्लास हातात धरून रडले. प्रज्ञाची आई उठून पाणी घेऊन आली. प्रज्ञा नाही रडली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला. पप्पा, त्यांनी लई लिहिलं तिकडं. बिलकुल ऐकलं न्हाई त्यांनी."

निघताना वडिलांनी मला बसपर्यंत सोडलं. गाडी येईपर्यंत आम्ही कडुलिंबाच्या सावलीत उभे होतो. ते म्हणाले, "कंपनी चांगली हाय. घरून जाऊन-येऊन व्हत न्हाई, पण जालन्यात खोली भेटंल." मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुम्ही एवढ्या उन्हाच्या आल्या. त्रास झाला तुम्हाला." त्यांनी माझी बॅग गाडीत चढवून दिली आणि गाडी हलेपर्यंत हात जोडून उभे राहिले. कोणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुणे

मी परत आले आणि आता पाऊसही सुरू झाला आहे. मैत्रिणी विचारतात, कसं झालं जालन्याला? मी येसराच्या आमटीबद्दल सांगते, मिरच्यांबद्दल सांगते, हळदीतल्या पासवर्डची गोष्ट तर रंगवून सांगते. क्युबिटचं जर्नल उतरवता येत नाही हा किस्सा मात्र मी कोणालाच सांगितलेला नाही.

गेल्या आठवड्यात प्रकल्पाचं पान पाहिलं. तो धडा दुरुस्त झालेला आहे. दूरच्या कुठल्या तरी देशातल्या एका विद्यार्थ्याला ती चूक स्वतंत्रपणे दिसली, त्याने दुरुस्ती पाठवली, ती स्वीकारली गेली. त्याने काही चोरलं नाही. चांगला मुलगा असेल. त्याचं नाव योजनेच्या यादीतही आहे. धड्यात उत्तर आता शून्य, एक असं आहे आणि खाली सूचना: कृपया उजवीकडून वाचावे. उर्दूचा उल्लेख नाही.

मी प्रज्ञाला फोन केला. करावा की नाही यावर बराच विचार केला होता. ती नवीन जालन्यात असते, कंपनीच्या प्रयोगशाळेत. ओल्या कागदावर बी ठेवतात, त्यातलं किती उगवलं ते मोजून संगणकात भरायचं, हे तिचं काम. मागे पंख्याचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

मी धड्याचं सांगितलं. ती म्हणाली, "पाहिलं मी मॅडम. बराबर केलंय त्यानं. आता नवीन पोरांना अडायचं न्हाई."

अजून पाहतेस तू ते पान, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. कामाचं कसं चाललंय विचारलं. बरं चाललंय म्हणाली. बाकीच्या मुली नव्या आहेत, त्यांना मोजताना अडतं, तर तिच्याकडे विचारायला येतात.

"मग दाखवतेस ना?" मी म्हणाले.

ती आधी स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मग तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "आधी माझं भरून घेते मॅडम. मंग दाखवते." आणि लगेच पुढे, मला बरं वाटावं म्हणून असेल, "तुमच्याकडूनच शिकले ना ते."